टाकीतला मोठा

बापावर एकदा संशय घ्यायला सुरुवात केली, की बाप चहा फुंकून पितो त्यातसुद्धा काळंबेरं दिसायला लागतं. मोठीचं गेले चार दिवस तसंच चाललं होतं. म्हातारा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. लंबकाचं, काचेच्या दाराचं, चांगलं हातभर लांब घड्याळ. एका शेठनं त्याला भेट दिलेलं. या शेठचा स्वतःचा खाजगी प्राणिसंग्रह होता. असल्या माणसानं एका पिंजरेवाल्याला एवढं घड्याळ कशाला द्यावं? सोळा वर्षं ते घरात टोले देत होतं, पण हा प्रश्न तिला गेल्या सोमवारपर्यंत कधी पडला नव्हता.

"काय बघतेस, मोठे?" म्हातारा मागे न वळता म्हणाला.

"काही नाही. पडाल म्हणून."

"एकतीस वर्षं बोक्यांच्या पिंजऱ्यात पडलो नाही, स्टुलावरून पडतोय होय!"

एरवी ती हसली असती. आता तिनं मनातल्या मनात नोंद केली, की बोक्यांचा विषय यांनी स्वतःहून काढला.

ही बोक्यांची भानगड सांगितल्याशिवाय तिचा संशय कळायचा नाही. शहराबाहेर एक संवर्धन केंद्र होतं. दलदलीत राहणारं, राखाडी अंगावर काळे ठिपके असलेलं एक रानमांजर जगातून नाहीसं व्हायला आलं होतं. दलदलीत ते शेवटचं दिसलं त्याला सोळा-सतरा वर्षं झाली होती, आणि केंद्रात होती सव्वीस. सव्वीस म्हटलं की बरं वाटतं. पण ती सगळी एकाच घरची. आत्या, भाचे, चुलत, मावस, फिरून फिरून तेच रक्त. पिल्लं व्हायची ती मरतुकडी, शेपटीला गाठ घेऊन यायची आणि बरीचशी महिन्याच्या आत जायची. त्यांना बाहेरचं रक्त हवं होतं, आणि ते साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. मोठीच्या टाकीत.

टाकी म्हणजे कमरेएवढी ॲल्युमिनियमची बुधली म्हणा. आत द्रव नायट्रोजन, इतका गार की चुकून बोट बुडलं तर बोटाची आशा सोडावी. त्यात बुडवलेल्या काडीएवढ्या बारीक नळ्या. त्यांना सगळे कांड्या म्हणत. एकेका कांडीत एकेका नराचं गोठवलेलं वीर्य. नर मरून मातीत गेला तरी कांडीतलं तसंच राहतं, दहा वर्षांनी काढा नाहीतर तीस. मोठी रोज सकाळी टाकीत लाकडी पट्टी बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, आणि पट्टीवर पांढरं दव कुठवर चढलं ते बघून नायट्रोजन किती उरलाय ते लिहायची. आठ वर्षांत एक दिवस खाडा नाही. केंद्रात तिला टाकीवाली म्हणत, आणि तिला त्याचा अभिमान होता. तिच्या आधी टाकी आणि पिंजरे दोन्ही तिच्या बाबांकडे होते.

टाकीच्या तळाशी दोन डब्या होत्या. सोळा वर्षांपूर्वी जुन्या डॉक्टरांनी भरलेल्या, त्यांच्याच तिरप्या अक्षरात चिकटपट्टी लावलेल्या. एकीवर 'मोठा', दुसरीवर 'लहान'. तेव्हा केंद्र दोन खोल्यांचं होतं, जनावरांना क्रमांक नव्हते आणि नाव ठेवायला जुन्या डॉक्टरांची सक्त मनाई. नाव ठेवलं की लळा लागतो, म्हणायचे. डॉक्टर कांड्या भरायचे, आणि कुठला बोका कुठला याची वही बाबा लिहायचे. बाबांचं अक्षर गोल, पाटीवर गिरवल्यासारखं. 'मोठा दलदलीतून आणला. धाकटा इथलाच, पिंजऱ्यातला.' पुढे क्रमांक आले तेही या वहीवरूनच पडले. आता दोन्ही बोके नव्हते आणि जुने डॉक्टरही नव्हते.

गेल्या वर्षी मोठ्याच्या डबीतली कांडी वापरून एका मांजरीला गर्भ राहिला. केंद्रात कोण आनंद! संचालकांनी सगळ्यांना चहा दिला, स्वतःच्या हातानं. तीन पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी एक गेलं. उरलेल्या दोघांच्या शेपटीला गाठ होती.

"बाप चुकलाय," सोमवारी वंशावळवाल्या बाई म्हणाल्या.

या बाई केंद्रात नव्या. प्राण्यांची जनुकं तपासून कोण कुणाचा कोण लागतो ते सांगणं हे त्यांचं काम. बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघायच्या, तिथूनच नमुना घ्यायचाय अशा.

"चुकलाय म्हणजे?" मोठीनं विचारलं.

"कांडी मोठ्याचीच वापरली ना?"

"मी स्वतः काढून दिली. डबीवर लिहिलंय."

"मग पिल्लांत दलदलीतलं रक्त दिसायला हवं. टिपूसभर नाही. यांचा बाप तो पिंजऱ्यातला बोका आहे. यांच्या आईचा आजोबा."

"आजोबाच बाप?"

"आजोबाच बाप. शेपट्या उगीच नाहीत तशा."

संचालकांनी दार लावून घेतलं. हा माणूस फार कमी बोलायचा आणि बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करायचा. "कुठंतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "दलदलीतल्या बोक्याच्या कांड्या कुणीतरी लांबवल्या आणि डबी रिकामी दिसू नये म्हणून पिंजऱ्यातल्याच्या भरून ठेवल्या. खाजगी प्राणिसंग्रहवाल्यांना असल्या दुर्मिळ गोष्टींची फार हौस असते. त्या काळात टाकीला हात कुणाकुणाचा लागायचा?"

"जुने डॉक्टर."

"ते गेले. आणि?"

"तेव्हाचे साहेब. पण ते वाफेला घाबरायचे. झाकणसुद्धा कधी उघडलं नाही त्यांनी."

"आणि?"

टोपण उघडलं, मिटलं. मग संचालक वंशावळवाल्या बाईंकडे वळले. "आणि ती लहानची डबी कशाला सांभाळताय? त्याचं रक्त सव्वीसांच्या सव्वीसांत आहेच. दुसऱ्या केंद्रातून गिधाडांच्या कांड्या यायच्यात. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता लहान काढून टाका, जागा करा."

त्या संध्याकाळी मोठी घरी आली तेव्हा घड्याळाचे सहा टोले पडत होते. तिथून तिच्या डोक्यात ते घड्याळ शिरलं.

घरात ती आणि बाबा दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. बाप-लेकीचं चांगलं जमायचं. पण आता ती त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागली. निवृत्त होऊनही दर रविवारी हा माणूस केंद्रात कशाला जातो? बाकी दुनियेतल्या सगळ्या जनावरांवर बोलतो आणि त्या दोन बोक्यांचं नाव काढलं की तोंडाला कुलूप का लावतो? तिनं आडून आडून विचारून पाहिलं.

"बाबा, ते दलदलीतून आणलेलं होतं ना, त्याचं शेवटी काय झालं हो?"

म्हातारा बूट पुसत होता. त्याचा हात थांबला. "मेलं."

"कशानं?"

"वय झालं होतं," तो म्हणाला, आणि बूट अर्धवट टाकून कुंड्यांना पाणी घालायला गेला. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

झालं. तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. खरं तर एक सरळ प्रश्न होता. बाबा, टाकीत काही इकडचं तिकडे झालं का तुमच्या काळात? एवढंच वाक्य. ते रोज तिच्या जिभेवर यायचं आणि रोज ती गिळून टाकायची. हो म्हणाले तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि नाही म्हणाले असते, तर त्यावर आता तिचा विश्वास बसला नसता.

शुक्रवारी म्हातारा फिरायला गेला आणि तिनं त्याच्या खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. सख्ख्या बापाची पेटी उघडताना तिला लाज वाटली, पण हात थांबले नाहीत. खाकी सदरा. शिट्टी. नखांनी फाटलेले कातडी हातमोजे, तीन जोड. तळाशी एक जुनी खिशातली डायरी आणि तिच्या पानांत कागदाची पुडी. पुडीत दोऱ्यानं बांधलेला राखाडी केसांचा पुंजका. वर गोल अक्षरात एकच शब्द: मोठा.

ती तिथंच फरशीवर बसली. केंद्रातून जनावराचा केससुद्धा बाहेर न्यायची बंदी होती, आणि नव्या माणसाला हा नियम पहिल्या दिवशी बाबाच शिकवायचे. ज्यानं केस आणला त्यानं आणखी काय काय आणलं असेल? तिनं पुडी पर्समध्ये टाकली आणि पेटी होती तशी लावली. इतकी होती तशी, की तिची तिलाच भीती वाटली.

मंगळवारी वंशावळवाल्या बाईंनी तपासणीचा निकाल संचालकांच्या टेबलावर ठेवला. "हे केस आपल्या सव्वीसांपैकी कुणाचे नाहीत. पिंजऱ्यातल्या बोक्याचेही नाहीत. हे रक्तच वेगळं आहे. दलदलीतलं."

"म्हणजे ज्यानं पुडीवर मोठा लिहिलं," संचालक म्हणाले, "त्याला खरा मोठा कोण ते चांगलं माहीत होतं. मग टाकीत मोठ्याच्या जागी दुसरा आला तेव्हा तो गप्प का बसला?"

संचालकांनी एक छापील कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता: संशय कोणावर व का. तिनं लिहायला सुरुवात केली. घड्याळ लिहिलं. रविवार लिहिले. पुडी लिहिली. वर 'माझे वडील' लिहिताना पेन अडखळलं, म्हणून तिनं ते दोन शब्द पुन्हा नीट गिरवले. आपण प्रामाणिकपणे वागतोय असं ती स्वतःला बजावत होती, आणि रडूही येत होतं, आणि रडू आलेलं संचालकांना दिसू नये म्हणून तिनं मान वर केली नाही.

"आता तुमच्याकडून टाकीची किल्ली घ्यावी लागेल," संचालक म्हणाले. त्यांनाही बरं वाटत नसावं, कारण टोपण हललं नाही. "घरचंच माणूस आहे ना यात. चौकशी होईपर्यंत दोन-चार दिवस घरी बसा."

आठ वर्षांची किल्ली तिनं टेबलावर ठेवली.

बुधवारी घड्याळ बंद पडलं. म्हाताऱ्याला वाटलं जुनं झालं. खरी गोष्ट अशी, की तो फिरायला गेला असताना मोठीनं आत काही लिहून ठेवलंय का ते बघायला काचेचं दार उघडलं होतं आणि लंबक तिच्या हातात आला होता. आत काहीच लिहिलेलं नव्हतं. तिनं घड्याळवाल्याला फोन केला, आणि मग धाकट्या बहिणीला केला. उद्या सकाळी ये, बाबांबद्दल बोलायचंय.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला धाकटी आली. ती पोहायला शिकवायची. दारातून आत यायला तिला मान वाकवावी लागे आणि खांदे असे की सोफ्यावर शेजारी दुसऱ्यानं बसायचं तर तिरकंच बसावं. मोठी तिच्याशेजारी तिरकी बसली. अंगानं ती काडीपैलवान, लग्नातला ब्लाउज अजून होणारी.

"काय झालंय बाबांना? साखर वाढली?" धाकटीनं हळू आवाजात विचारलं.

"साखर असती तर बरं झालं असतं," मोठी म्हणाली. पुढे बोलणार तेवढ्यात दार वाजलं आणि म्हाताऱ्यानं घड्याळवाल्याला आत घेतलं. चहा झाला. घड्याळवाल्यानं पेटी खाली ठेवली, सोफ्याकडे बघितलं आणि सरळ धाकटीला हात जोडले.

"मोठ्या ताईंचा फोन होता. आपणच ना?"

म्हाताऱ्याला हसू आवरेना. "अहो, ती धाकटी! मोठी ही. ही काडी."

"माफ करा हं. मापावरून वाटलं."

"सगळे फसतात. आमच्याकडे वयानं मोठं ते मोठं. वजनानं धरलं तर माझाही नंबर दुसरा लागेल या घरात."

धाकटीनं बापाच्या पाठीत धपाटा घातला. घड्याळवालाही हसला. मोठीच्या हातातला कप मात्र तसाच राहिला, तोंडापर्यंत न जाता.

मापावरून वाटलं.

बाबांचं गोल अक्षर तिच्या डोळ्यापुढे आलं. मोठा आणि धाकटा. मग डॉक्टरांचं तिरपं अक्षर. मोठा आणि लहान. बाबांच्या वहीत 'लहान' हा शब्दच नव्हता. आणि डॉक्टर तर सकाळी आल्या आल्या प्रत्येक जनावर काट्यावर चढवणारा माणूस, वजनापलीकडे त्यांना काही दिसायचं नाही. दोन माणसांनी एकच शब्द लिहिला आणि सोळा वर्षं कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझा मोठा तो कोणता?

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच ओळखू येईना. "त्या दोन बोक्यांत अंगानं मोठा कोण होता?"

"धाकटा की," म्हातारा लगेच म्हणाला. "पिंजऱ्यात बसून खाऊन खाऊन ढोल झाला होता नुसता. मोठा बिचारा दलदलीत उपाशी राहिलेला, आला तेव्हाच आठ-नऊ वर्षांचा. एक एक हाड मोजून घ्यावं. डॉक्टर म्हणायचे, या सुतळीला तू मोठा काय म्हणतोस? मी म्हटलं, साहेब, वयाचा मान आहे."

"आणि ते काय म्हणायचे त्याला?"

"लहान. का गं?"

घड्याळवाल्यानं काच उघडली होती. घड्याळ बंद होतं, म्हणून तिनं त्याच्या मनगटाकडे बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं. अकरा वाजता लहान काढून टाकायचा होता. ज्या डबीवर कुणाचा संशयच नव्हता, आणि म्हणून जी इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकानंही तपासली नव्हती, त्या डबीत दलदलीतला शेवटचा बोका होता.

टाकीच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी, तिनंच लावलेली. फोन वाजत राहिले. संचालकांचा बैठकीत बंद. धाकटीनं काही न विचारता स्कूटर काढली, आणि मोठी मागे बसून "चल, चल" एवढंच म्हणत राहिली. केंद्राच्या फाटकातून आत शिरताना पावणेअकरा झाले होते. अजून वेळ आहे, असं ती मोठ्यानं म्हणाली. धाकटीला सांगायला नव्हे, स्वतःला.

पण गिधाडांच्या कांड्यांची गाडी त्या दिवशी लवकर आली होती. वंशावळवाल्या बाई हातमोजे घालून टाकीवर वाकल्या होत्या, वाफ त्यांच्या कोपरापर्यंत चढलेली. शेजारच्या स्टीलच्या ताटात कांड्या एका ओळीत निजवलेल्या. त्यांच्यावरचं पांढरं दव जाऊन पाणी झालं होतं.

"आत घाला!" मोठी दारातूनच ओरडली. "चिमट्यातली आत घाला!"

बाई दचकल्या, पण चिमटा त्यांनी टाकीतच सोडला. मोठीनं ताटातल्या कांड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. सात. एकदा वितळलेली कांडी पुन्हा गोठवून चालत नाही, हे तिनं आठ वर्षं प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं होतं. टाकीत पाच उरल्या होत्या.

"किल्ली तुमच्याकडे असती तर अकराच्या आधी झाकण उघडलं नसतं कुणी," सगळं ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या. त्यांना बोचावं म्हणून म्हणायचं नव्हतं. जे खरं ते त्या बोलल्या. आज पहिल्यांदा त्या मोठीच्या कानाकडे न बघता डोळ्यांकडे बघत होत्या.

वितळलेल्या कांडीतला थेंब तपासायला आठ दिवस लागले. पेटीतल्या पुडीशी तो तंतोतंत जुळला. लहान म्हणजेच दलदलीतला बोका. त्या आठ दिवसांत मोठीनं बापाला फक्त एवढंच सांगितलं, की डब्यांवरच्या पट्ट्यांचा घोळ होता आणि तुमच्यामुळे तो सुटला. म्हातारा खूश झाला. घड्याळ दुरुस्त होऊन आलं होतं. त्याच्याखाली बसून तो पहिल्यांदाच मोठ्याबद्दल बोलला, कसा यायचा, कसा कोपऱ्यात बसायचा, कसा त्याच्याच हातून खायचा. कागदाबद्दल मोठी बोलली नाही. संचालकांकडे जाऊन तो फाडून टाकायला सांगू, असं तिनं ठरवलं होतं, आणि रोज ते उद्यावर ढकललं.

नवव्या दिवशी संचालकांनी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. नव्या पट्ट्या लावण्याआधी त्याचा लेखी जबाब हवा होता. म्हाताऱ्यानं पेटीतला खाकी सदरा इस्त्री करून घातला. संचालक उठून उभे राहिले, त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं चहा दिला आणि टोपणाला हात न लावता म्हणाले, "तुमची क्षमा मागायला हवी. आमचा तुमच्यावर संशय होता."

"माझ्यावर?" म्हातारा हसला. "तो कशापायी?"

संचालकांनी फाईल त्याच्यापुढे सरकवली. माणूस सरळ होता, त्यांना वाटलं मुलीनं घरी सांगितलंच असेल. मोठी दारापाशी उभी होती. तिला वाटलं धावत जाऊन ती फाईल ओढून घ्यावी, पण ती चौकट धरून तिथंच राहिली. म्हातारा ओळीखाली बोट ठेवून वाचत होता, नेहमीसारखा, ओठ हलवत. 'माझे वडील' या शब्दांवर ते बोट थांबलं. दोनदा गिरवल्यामुळे ते शब्द बाकीच्यांपेक्षा ठळक दिसत होते.

"घड्याळाचं म्हणाल तर," वाचून झाल्यावर तो संचालकांना म्हणाला, "शेठची घोडी दाणा खात नव्हती. मी रजा काढून आठ दिवस तिच्याजवळ बसलो. खायला लागली. रविवारी येतो ते मोठ्याच्या पिंजऱ्याकडे. बंदच आहे, पण येतो. आणि केस मी नेले. मेला त्या सकाळी नेले. ते नियमात बसत नव्हतं, ते माझं चुकलं. लिहून घ्या."

"अहो, ते केस नसते तर आज काहीच जुळलं नसतं!"

"तरी लिहून घ्या."

त्यानं जबाबावर गोल अक्षरात सही केली. नव्या पट्टीवर काय लिहायचं ते विचारल्यावर म्हणाला, क्रमांकच घाला, शब्दांचा भरवसा नाही. मग चहा संपवून कप नीट बशीत ठेवला आणि बाहेर आला.

बाहेर लांब बोळ होता, दोन्ही बाजूंना बंद दारं. मोठी त्याच्यामागून चालत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाबा..."

म्हातारा थांबला आणि वळला. चेहरा रागावलेला नव्हता. संचालकांशी बोलताना होता तसाच अदबीचा होता.

"तुम्ही विचारायचं होतंत, बाई," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं."

तो कुणाशी बोलतोय हे बघायला मोठीनं मागे वळून पाहिलं. बोळात दुसरं कुणी नव्हतं.